कंचेभागुबेव पाठ आहे, तरी उत्तर चुकतं : अक्षराच्या जागी किंमत ठेवताना गाडी कुठे घसरते

दिवाळी झाली, कापसाची वेचणी जोरात आली की आमच्या संध्याकाळच्या वर्गातली अर्धी पोरं गायब होतात. जी येतात त्यांच्या बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे असतात आणि तोंडात दरवर्षीची तीच तक्रार. "सर, कंचेभागुबेवनंच केलं, तरी काऊन चुकलं?"

मी शाळेतला शिक्षक नाही. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका गावात शेती करतो. बी.एस्सी.चं गणित अजून डोक्यात आहे म्हणून समाजमंदिराच्या ओसरीवर सातवी ते नववीची पोरं घेऊन बसतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. कंस, चे ("वीसचे निम्मे" यातला), भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, म्हणजे कोणती क्रिया आधी करायची ही साखळी विसरल्यामुळे चुकणारं पोर क्वचित सापडतं. साखळी तोंडपाठ असून चुकणारे ढिगानं. म्हणून "पुन्हा पाठ कर" हा उपाय मी केव्हाच सोडला. पोरगं चुकलं की मी आधी विचारतो, उत्तर काय आलं? चुकीच्या उत्तरावरून चूक ओळखता येते. डॉक्टर जीभ बघतो, तसंच.

त्यासाठी फळ्यावर एकच उदाहरण ठरलेलं आहे. तुम्हीही कागद घ्या, पुढचं वाचायच्या आधी सोडवून ठेवा :

५ + ३क्ष² − २क्ष, जेव्हा क्ष = −४

पुस्तकात क्षच्या जागी इंग्रजी एक्स असतो. मी मुद्दाम क्ष लिहितो, कारण पोरांच्या घाईच्या अक्षरात एक्स आणि गुणिलेचं चिन्ह यात फरक उरत नाही. "तीन एक्स" लिहायचं आणि दोन ओळींनी तेच "तीन गुणिले" वाचायचं, पुढचा आकडा सापडला नाही की गोंधळायचं, हे मी कितीदा पाहिलंय. बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत आणि एकाहून जास्त राशी असल्या की पुढच्यांना काळा, निळा अशी रंगांची नावं देत. तेव्हा अक्षर कोणतं यावर भांडू नका. नववीपर्यंत पोरांनी दोन्हींची सवय केली म्हणजे झालं.

बरोबर उत्तर ६१. माझ्याकडे याची −३५, १३६, १५७, −११, ४७, ४५ अशी उत्तरं येतात, आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे.

−३५ : सगळ्यात जास्त येणारं उत्तर

गेल्या साली आठवीतल्या एका पोरीनं वही पुढे केली. अक्षर मोत्यासारखं, प्रत्येक ओळ नीट खाली उतरवलेली :

५ + ३ × −४² − २ × −४
= ५ + ३ × −१६ + ८
= ५ − ४८ + ८
= −३५

क्रम पाहा. आधी घात, मग गुणाकार, मग बेरीज-वजाबाकी. एक पायरी इकडची तिकडे नाही. मी तिला म्हटलं, "वर्ग कोणाचा करायचा होता?"

"क्षचा."

"क्ष किती?"

"उणे चार."

"मग हा वरचा दोन कोणाच्या डोक्यावर बसलाय?"

तिनं पेन्सिल त्या दोनवर ठेवली, तिथून खाली चारवर आणली आणि थांबली. "उणे तं बाहेरच राह्यलं, सर."

गंमत अशी की तिनं जे लिहिलं होतं ते तिनं अचूक सोडवलं होतं. −४² असं लिहिलं तर त्याचा अर्थ "चारचा वर्ग, आणि त्याच्या आधी उणे", म्हणजे −१६ च. घाताचा आकडा त्याच्या लगेच डावीकडे जे आहे तेवढ्यालाच लागतो. चूक दुसऱ्या ओळीत नव्हती, पहिल्या ओळीत होती, क्ष पुसून −४ लिहिताना झालेली. म्हणजे क्रियांचा क्रम सुरू व्हायच्या आधीच गणित बदललं होतं. शिक्षक मात्र तपासताना लाल रेघ दुसऱ्या ओळीखाली मारतात आणि पोरगी समजते की आपल्याला वर्ग येत नाही.

यावरचा उपाय इतका साधा आहे की पोरं तो मनावर घेत नाहीत. अक्षर पुसलं की त्याच्या जागी आधी रिकामा कंस मांडायचा. किंमत नंतर.

५ + ३( )² − २( )
५ + ३(−४)² − २(−४)
= ५ + ३(१६) + ८
= ५ + ४८ + ८
= ६१

किंमत धन असली तरी कंस मांडायचाच. "दोनच तं आहे सर, कंस कायले?" हा प्रश्न दर वर्षी येतो. सवय सोप्या गणितात लागते, अवघडात ती आपोआप हाताला येते, एवढंच माझं उत्तर. रिकाम्या कंसाची ओळ वहीत दिसली नाही तर मी पुढचं तपासतच नाही. यात थोडा हटवादीपणा आहे, कबूल.

४७ आलं असेल तर औषध हेच. −२ आणि −४ शेजारी शेजारी लिहिले, मधे कंस नाही, की "−२ −४" दिसतं आणि हात सवयीनं −६ लिहितो. ५ + ४८ − ६ = ४७. गुणाकार होता तिथे वजाबाकी झाली.

याच्या मुळाशी एक जुनी अडचण आहे, तिच्याकडे पुस्तकं फारसं लक्ष देत नाहीत. शेजारी शेजारी लिहिण्याचा अर्थ पोरांना तीन ठिकाणी तीन वेगळा शिकवलेला असतो. ३ आणि ४ शेजारी आले की चौतीस, म्हणजे तीन दशक चार. २ आणि अर्धा शेजारी आले की अडीच, म्हणजे बेरीज. आणि सातवीत अचानक ३क्ष म्हणजे गुणाकार! क्ष = ४ दिल्यावर सातवीतलं पोरगं ३क्ष = ३४ लिहितं, त्यात त्याचा दोष कमी आणि आपला जास्त. रिकामा कंस ठेवला की ३(४) दिसतं, आणि चौतीस वाचायची सोय राहत नाही.

१३६, १५७ आणि बाकीची

१३६ म्हणजे ५ + ३ आधी करून टाकलं. आठ गुणिले सोळा, अधिक आठ. डावीकडून वाचत गेलं की ही चूक होते, आणि खरं सांगायचं तर डावीकडून वाचणं हा वाचणाऱ्याचा गुन्हा नाही. मी पोरांना तुरीचं उदाहरण देतो. घरी पाच किलो सुटी तूर आहे आणि तीन पोती भरलेली आहेत. एकूण किती? "आठ" म्हटलं तर आठ काय? किलो की पोती? पोत्यात किती किलो आहेत ते मोजल्याशिवाय पाचात मिळवता येत नाही. ३क्ष² हे तीन पोती, क्ष² हे एका पोत्याचं वजन, ५ हे सुटे. पोती आधी किलोत आणा, मग मिळवा. गुणाकार बेरजेच्या आधी का, याचं याहून सोपं कारण मला तरी सापडलेलं नाही. यानंतर १३६ सहसा परत येत नाही.

१५७ आलं तर वर्ग ३ लाही लावला, (−१२)² = १४४ केलं. घात फक्त क्षचा, तीनचा नाही. तीनचाही हवा असता तर (३क्ष)² असं लिहिलं असतं. −११ म्हणजे वर्गाच्या जागी दुप्पट, −४ चं −८. इथे एकदा वहीच्या चौकटी मोजून चार बाय चारचा चौकोन काढून घ्या, वाद मिटतो. ४५ म्हणजे −२ आणि −४ चा गुणाकार −८ केला, उणे एकदाच मोजलं.

−५१, −१४ असली उत्तरंही येतात. त्यात दोन-दोन चुका एकात एक अडकलेल्या असतात. तिथे अंदाज बांधत बसू नका, पोराला ओळ-ओळ वाचून दाखवायला सांगा. वाचताना ते स्वतःच अडखळतं.

"=" चिन्हाबद्दल एक तक्रार करून घेतो. ३ × १६ = ४८ + ५ = ५३ + ८ = ६१. उत्तर बरोबर, पण ३ × १६ म्हणजे ५३ नव्हे. "बरोबर" हे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणित्यानं वापरात आणलं. दोन सारख्या लांबीच्या समांतर रेघांइतकं सारखं दुसरं काय असणार, असा त्याचा विचार. पोरं मात्र ते चिन्ह "मग पुढे" अशा अर्थानं वापरतात. अशा लांबच लांब ओळीत चूक कुठे झाली ते सापडत नाही. एका ओळीत एक पायरी, खाली उतरत जायचं. कागद वाचवायचा तर दुसरीकडे वाचवा.

साखळीची शेवटची दोन अक्षरं

आता कंचेभागुबेववरच येतो, कारण एका ठिकाणी खरा दगा तेच देतं.

२० − क + ५, क = ८. रिकामा कंस मांडला, २० − (८) + ५ लिहिलं. पुढे पोरगं म्हणतं, "बे आधी, व नंतर." मग ८ + ५ = १३, आणि २० − १३ = ७. साखळी अक्षरशः पाळली आणि उत्तर चुकलं. बरोबर उत्तर १७.

हाच हिशोब तोंडी घातला तर तिसरीतलं पोरगंही चुकत नाही. घरात वीस पोती सोयाबीन, आठ बाजारात नेली, मळणीतून पाच आली. किती? सतरा. सात कोणीच म्हणत नाही. कागदावर आलं की मात्र साखळी डोक्यात वाजायला लागते.

बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत. भागाकार आणि गुणाकारही एकाच पायरीवर. एका पायरीवरचं काम डावीकडून उजवीकडे. म्हणून मी साखळी सहा अक्षरांत नाही, तीन घासांत म्हणायला लावतो : कंचे, भागु, बेव.

यात एक बारकी मजा आहे. "भा" आधी आणि "गु" नंतर हे शब्दशः पाळलं तरी उत्तर बिघडत नाही. २४ ÷ ४ × २ मध्ये भागाकार आधी केला तरी १२, आणि १२ × ६ ÷ ३ मध्ये भागाकार आधी केला तरी २४, डावीकडून गेलात तरी २४ च. फार तर मधे अपूर्णांक येतो. "बे" आधी घेतला मात्र बिघडतं. शेवटची अक्षरं उलटी असती, "कंचेभागुवबे" असती, तर शब्दशः पाळूनही उत्तर बरोबर आलं असतं. २० − ८ आधी, मग + ५. १० + ९ − ४ मध्ये ९ − ४ आधी केलं तरी १५ च येतं. म्हणायला "वबे" तोंडात बसत नाही, म्हणून कुणी तसं केलं नसावं. पण आमच्या ओसरीवर दोन-तीन कच्च्या पोरांना मी "वबे" शिकवलंय आणि त्यांचं भलं झालंय.

दुसरी त्रुटी अशी की या साखळीत घातच नाही. अंकगणितात चालून जातं, बीजगणितात पहिल्या दिवशी अडतं. घाताची जागा कंसानंतर लगेच, "चे"च्या शेजारी. "क्षचा वर्ग" यातही "चा" आहेच, तेव्हा पोरांना ही जोड लगेच पटते.

साखळीवर विसंबायचं नसेल तर याहून पक्की रीत म्हणजे पदं तोडणं. कंसाबाहेर जिथे + किंवा − दिसेल तिथे त्याच्या आधी पेन्सिलीनं उभी रेघ मारा :

५ | + ३(−४)² | − २(−४)

तीन तुकडे. प्रत्येक तुकडा त्याच्या चिन्हासकट वेगळा सोडवा : ५, +४८, +८. शेवटी एकत्र करा. २० | − ८ | + ५ मध्ये ५ ला स्वतःचं अधिक आहे, त्याला उणेच्या दावणीला बांधायचं कारणच उरत नाही. नववीत बहुपदीची किंमत काढताना तर याच रेघा कामाला येतात.

दिसणारे आणि न दिसणारे कंस

समजा कापसाचा भाव भ रुपये क्विंटल, वजन व क्विंटल, आणि ओलाव्यापोटी कापलेलं वजन क. हातात येणारी रक्कम भ(व − क). भ = ७०००, व = १२, क = ०.५ घ्या. ७००० × ११.५ = ८०,५००.

एकानं कंस गाळला. ७००० × १२ − ०.५ = ८३,९९९.५०. मी ते आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडले तर मागून आवाज आला, "सर, हा व्यापारी कोन्या गावचा हाय? आमचा कापूस तिथंच नेऊ." ओलावा वजनातून कापायचा होता, पोरानं तो रुपयांतून कापला, तोही पन्नास पैसे. कंस म्हणजे शोभेची वेल नाही, कोणातून काय वजा होतं ते तोच सांगतो.

मात्र खरा चकवा न दिसणाऱ्या कंसाचा. अपूर्णांकाची आडवी रेघ हा कंसच आहे. रेघेवरचं सगळं एकत्र, रेघेखालचं सगळं एकत्र, मग भागाकार. वहीत रेघ दिसते तोवर ठीक, तेच एका ओळीत उतरवलं की कंस गळतो. सकाळच्या आणि संध्याकाळच्या भावाची सरासरी "भ + म ÷ २" अशी लिहिली की फक्त संध्याकाळचाच भाव अर्धा होतो.

फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचं सूत्र घ्या : ५(फ − ३२) ÷ ९. फ = ११३ घातलं तर ८१ पंचे ४०५, भागिले ९, म्हणजे ४५ अंश. मे महिन्यातला ओळखीचा आकडा. कंस न मांडता ५ × ११३ − ३२ ÷ ९ केलं तर ५६१ च्या वर जातं. चंद्रपूरही इतकं तापत नाही. उत्तर आल्यावर ते खरं वाटतं का, एवढं एकदा स्वतःला विचारलं तरी अशा चुका वहीतच अडतात.

उण्यापुढचा कंसही त्रास देतो. ८ − (क − ३), क = ५. काही पोरं किंमत ठेवायच्या आधीच कंस सोडवायला जातात आणि ८ − ५ − ३ = ० करतात. किंमत दिलेली आहे ना? मग कंस उघडू नका, आतलं आटपा : ८ − २ = ६.

मोबाईलनं वेगळंच सांगितलं तर

"मोबाईलवर तं हे आलं" हे वाक्य आता रोजचं झालंय. व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी फिरणारं ६ ÷ २(१ + २) हे कोडं तुम्हीही पाहिलं असेल. मोबाईलचे बहुतेक कॅलक्युलेटर ९ देतात, कॅसिओच्या काही सायंटिफिक कॅलक्युलेटरवर १ येतो, कारण चिन्हाशिवाय चिकटून लिहिलेला गुणाकार ते भागाकाराच्या आधी करतात. यंत्र बिघडलेलं नसतं, त्याचा नियम वेगळा असतो. माझ्या मते गणितच वाईट लिहिलेलं आहे. बीजगणितात ÷ वापरायचं सोडा, आडवी रेघ मारा, वादच संपतो.

एक्सेलमध्ये पोरांनी आणखी एक शोध लावला. तिथे =-३^२ लिहिलं की ९ येतात, तेच गूगलच्या शोधपट्टीत टाकलं की −९. एक्सेल आधीचं उणे आकड्याला चिकटवून मग वर्ग करतं, वहीतला नियम तसा नाही. दोन्हीकडे (-३)^२ लिहिलं तर दोन्हीकडे ९. पुन्हा कंसच.

करून पाहा

२अ − ब² + ३(अ − ब), जेव्हा अ = −१, ब = −३

रिकाम्या कंसांची ओळ आधी, उभ्या रेघा नंतर. −५ आलं तर वही मिटा. १३ आलं तर "उणे उणे अधिक" घाईत झालं. ब² आधी ९, त्याच्या पुढचं उणे तसंच राहतं, म्हणून −९. −२३ आलं तर अ − ब करताना −१ − ३ केलं, तिथला कंस गेला. −११ म्हणजे ३ नं फक्त अ ला गुणलं, ब तसाच सुटला. आणि −१७ आलं असेल तर ९ आणि ६ ची बेरीज आधी झाली, "वबे" म्हणून एकदा पुन्हा करा.